शब्दचर्चा : ‘एक्स्पोर्ट क्लिप लिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

मुळाक्षर : व्हिडिओ एडिटिंगच्या एका सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका मराठीत करतोय. ‘क्लिप सूची निर्यात करा’ असं लिहिलंय खरं, पण वाचताना नाशिकचा कांदा आठवतो. शिवाय एडिटिंग म्हणजे संपादन की संकलन?

टेबलावरचा : संकलन. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’च येतं; संपादक वर्तमानपत्राला असतो. निर्यात मात्र खोडाच. आम्ही दिवसभर ‘काढणे’ म्हणतो : ‘कलरवाल्यांना ईडीएल काढून दे’, ‘बिनची लिस्ट काढ’. (ईडीएल म्हणजे एडिट डिसिजन लिस्ट, कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत कापून कुठे लावली याची यादी. बिन म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ठेवायचा कप्पा.) प्रिंट काढतात, सातबारा काढतात, तशी यादीही काढतात. फक्त बटणाचं नाव सांगताना ‘एक्स्पोर्ट’च ठेवा. पडद्यावर तेच दिसतं आणि वाचणाऱ्याला तेच शोधायचंय.

फडताळ : ‘सूची’ नको. ग्रंथसूची, शब्दसूची म्हणजे काहीतरी शोधता यावं म्हणून लावलेला क्रम. इथे नुसती नोंद आहे, यादीच बरी. लग्नाच्यासुद्धा याद्याच होतात! (‘जंत्री’ मला आवडतो, पण त्यात थोडा कंटाळा मिसळलेला असतो.)

मुळाक्षर : मग ‘क्लिपयादी काढा’. ईडीएललाही हेच चालेल ना?

टेबलावरचा : अजिबात नाही, इथेच घोळ होतो. बिनमधून काढलेल्या यादीत प्रत्येक क्लिप एकदाच येते, वापरलेली असो वा नसो. अ‍ॅव्हिड या सॉफ्टवेअरमधून ती एएलई (अ‍ॅव्हिड लॉग एक्स्चेंज) फाइल म्हणून निघते, दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मीडिया पूलचा, म्हणजे आत घेतलेल्या सगळ्या क्लिपचा, मेटाडेटा (क्लिपबद्दलची माहिती) सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत, मिळतो. ईडीएल निघते टाइमलाइनमधून, म्हणजे क्लिप क्रमाने लावतात त्या पट्टीतून. तीच क्लिप पाच ठिकाणी लावली असेल तर पाच ओळी, आणि न वापरलेल्या क्लिपचं नावही नाही. पहिलीला ‘क्लिपयादी’ म्हणा, दुसरीला ‘संकलनयादी’ किंवा सरळ ईडीएल. ‘संपादन निर्णय सूची’ असलं काही लिहू नका हो, तोंडात बसत नाही.

ईडीएल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सीएमएक्स ३६०० पद्धतीची एक ओळ साधारण अशी असते :

००१ ए००३सी०१२ व्ही सी ०१:०२:१०:०५ ०१:०२:१४:१० ०१:००:००:०० ०१:००:०४:०५

आधी कापाचा क्रमांक, मग रीलचं नाव. व्ही म्हणजे चित्र, सी म्हणजे सरळ कट. पुढचे दोन टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) मूळ क्लिपमधले, इन म्हणजे सुरुवात आणि आउट म्हणजे शेवट; शेवटचे दोन तयार टाइमलाइनवरचे. क्लिपचं पूर्ण नाव हवं असेल तर खाली ताऱ्याने सुरू होणारी ‘फ्रॉम क्लिप नेम’ची ओळ असते. रीलच्या रकान्यात ८ अक्षरंच मावतात, म्हणून लांब नावं तिथे तुटतात. एका फाइलमध्ये ९९९ काप आणि चित्राचा एकच ट्रॅक. टेपच्या जमान्यातली पद्धत आहे, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

कोपऱ्यातली : त्या रकान्याला पुस्तिकेत नुसतं ‘रील’ लिहिलंत तर आजची पोरं इन्स्टाग्राम समजतील. ‘टेप किंवा कार्डाचं नाव’ असं कंसात द्या. आणि ‘क्लिप’ स्त्रीलिंगीच ठेवा : ती क्लिप, त्या क्लिप. ‘क्लिपा’ बोलताना ठीक आहे, छापू नका.

फडताळ : बिनचं काय? ‘टोपली’?

टेबलावरचा : बिनच राहू द्या. फिल्मच्या काळी आकड्यांना पट्ट्या लटकवायच्या, खाली कापड लावलेली पेटी, तो ट्रिम बिन. टोपली म्हटलं की लोक डिलीट केलेल्या फाइली शोधायला लागतील.

कोपऱ्यातली : अजून एक. क्लिपची नावं देवनागरीत असली की काढलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर कधीकधी नुसती चिन्हं दिसतात. फाइल बहुधा चांगली असते. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून आयात करून यूटीएफ-८ (देवनागरीही नीट दाखवणारी अक्षरांची संकेतपद्धत) निवडायला सांगा. हो, ‘आयात’ आपसूक आलं. ‘आत घेऊन’ म्हणायला हवं होतं!

मुळाक्षर : हे सगळं घेतो. शेवटची शंका : ‘०१:०२:१०:०५ पासून ०१:०२:१४:१० पर्यंत’ असं लिहिलं तर बरोबर ना?

टेबलावरचा : ‘पर्यंत’ने फसाल. मराठीत ‘दहा तारखेपर्यंत’ म्हटलं की दहा तारीख बहुतेक धरतातच. ईडीएलमधला आउटचा फ्रेम मात्र धरायचा नसतो, काप त्याच्या आदल्या फ्रेमला संपतो. वरच्या ओळीत सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने ४ सेकंद ५ फ्रेम होतात. आउटचा फ्रेम धरलात तर एक जास्त भरेल. ‘१४:१० च्या आधीच्या फ्रेमपर्यंत’ असंच लिहा, लांब झालं तरी.