जुन्या पिकअपचा पत्रा सरळ करायचाय: घरी ठोकू की डेंटरकडे नेऊ? (नाशिक)

निफाडकर_०९
राम राम मंडळी. २००९ ची पिकअप आहे. गेल्या आठवड्यात पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट घेऊन गेलो होतो. गर्दीत गाडी वळवताना डावी बाजू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासली. चूक माझीच. पुढचं मडगार्ड आत गेलंय, दरवाजाला लांबट पोचा आहे आणि मध्ये कडक घडी पडलीय. हौद्याची (मागच्या माल भरायच्या भागाची) बाजू चार बोटं आत आलीय, त्यामुळे फाळक्याची (हौद्याच्या मागच्या झडपेची) कडी बसत नाही. सध्या तारेने बांधून चालवतोय.

एका गॅरेजवाल्याने दरवाजा, मडगार्ड सगळं नवीन टाका म्हणून २८ हजार सांगितले. दुसरा म्हणतो, दोन दिवसांत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून चकाचक करून देतो, ९ हजार द्या. घरी आर्क वेल्डिंग मशीन, बाटली जॅक आणि तीन-चार हातोड्या आहेत. द्राक्षाचा सीझन लागायच्या आत गाडी मोकळी हवी. काय करू?

सातपूरकर
दोघांचंही ऐकू नका. मी एमआयडीसीत प्रेस शॉपला तीस वर्षं काढली, पत्रा मला थोडाफार कळतो.

आधी दरवाजा अर्धा उघडून खालून हाताने वर उचलून बघा. बिजागरीत खडखड आहे का? मग बंद करून चारी बाजूंची फट बघा. वर जास्त, खाली कमी असं असेल तर धक्का दरवाजा ज्यावर लटकतो त्या खांबापर्यंत पोचलाय. तसं असलं तर हातोडी खाली ठेवा आणि आधी खांब ओढून घ्या, ते घरचं काम नाही. खांब जागेवर असेल तर बाकीचं जमेल.

आता पोचा. सगळे करतात ती चूक म्हणजे सगळ्यात खोल जागी मागून दणका घालायचा. पोचा पडताना आधी मधला भाग आत जातो आणि शेवटी कडेला उंचवटे उठतात. काढताना उलट क्रमाने जायचं, शेवटी जे झालं ते आधी सोडवायचं. हात पत्र्यावरून फिरवा, पातळ कापड मध्ये धरलंत तर उंचवटा जास्त कळतो. खडूने खुणा करा. मागून खोल जागी डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) दाबून धरा आणि पुढून शेजारच्या उंचवट्यावर हलक्या हाताने ठोका. हातोडी डॉलीच्या बरोबर डोक्यावर पडू द्यायची नाही. पत्रा दोन लोखंडांत सापडला की पातळ होतो आणि ताणला जातो. मग तो बोटाने दाबला की आत, सोडला की बाहेर, टुकटुक वाजत बसतो. डॉलीवर थेट ठोकणं अगदी शेवटी, बारीक खाचा सपाट करण्यापुरतं.

सुरुवातीला लाकडी मोगरी वापरा, लोखंडी हातोडी नंतर.

गोदाकाठ
सातपूरकर, हे वाचून आजोळची आठवण झाली. मामांचं घर जुन्या नाशकात, तांबट लेनला. सकाळपासून हंडे मठारायचा आवाज. मामा म्हणायचे, पोराचा हात जड झाला की भांड्याला पोट सुटतं. तुमचा टुकटुक पत्रा म्हणजे तेच की. फक्त तांबं ठोकून कडक झालं की भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करता यायचं.

निफाडकर_०९
आणि माझा पत्रा आधीच ताणला गेला असेल तर? दरवाजाच्या घडीवर मी परवा रागाने दोन-चार हाणलेत. 🙈

सातपूरकर
मग गरम करून आवळायचा. गॅस टॉर्चने ताणलेल्या भागाच्या मधोमध रुपयाएवढा ठिपका लालसर करायचा. ठिपका फुगून वर येतो, त्याच्या कडेने पटकन हलक्या टिचक्या मारायच्या आणि लाली गेली की ओल्या फडक्याने गार करायचं. गार होताना पत्रा आकसतो. एक ठिपका पूर्ण गार होईपर्यंत दुसरा लावायचा नाही. आतला गालिचा, वायरिंग, काचेची रबरं आधी काढा, शेजारी पाण्याची बादली ठेवा. पहिल्यांदा करताना आधी भंगारातल्या पत्र्यावर हात बसवा. खरं सांगू का, दरवाजाचं हे एवढं काम कारागिरालाच द्या.

आणि आर्क मशीन दरवाजापासून लांब ठेवा. तिथला पत्रा जेमतेम ०.८ मिमी, भोकं पडतील. फाटलेलं असेल तर सीओटू वेल्डिंगवाल्याकडून टाके मारून घ्या, तेही एका रेषेत नाही, इकडे एक, तिकडे एक. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला विसरू नका.

पाना_१०_११
यूट्यूबवर गरम पाणी ओतून पोचा पॉपकन बाहेर येतो, ते करून बघा ना भाऊ, फुकट आहे.

सातपूरकर
ते प्लास्टिकच्या बंपरला. घडी पडलेल्या लोखंडी पत्र्यावर पाणी ओतून फक्त गाडी धुतली जाईल.

क्रेटवाला
हौद्याचं मी सांगतो, माझा दोनदा झालाय. हे घरी होतं. बाटली जॅक हौद्यात आडवा लावायचा. पण थेट पत्र्याला टेकवू नका, आत आलेल्या बाजूला जाड फळी आणि चांगल्या बाजूला तिच्या दुप्पट लांबीची फळी, हौद्याच्या दोन उभ्या खांबांवर टेकेल अशी. नाहीतर डावी बाजू सरळ आणि उजवी बाहेर. (मी तेच केलं होतं पहिल्यांदा.) जॅक आडवा चालतो की नाही ते आधी हातात धरून बघा, काहींचं तेल आडवं केल्यावर दाब धरत नाही.

हळूहळू दाब द्या. पत्रा मागे येतो, म्हणून सरळ रेषेच्या थोडं पुढे न्यायचं. महत्त्वाचं म्हणजे दाब असतानाच घडीच्या भोवती मोगरीने ठोकत राहायचं, त्याने पत्र्यातला ताण सुटतो. नुसता जॅक लावून काढला की रात्रीत अर्धा पोचा परत. पत्र्यातल्या पन्हाळ्यांसाठी (नागमोडी खोबणींसाठी) बाभळीच्या तुकड्याला त्याच गोलाईचा आकार द्या आणि तो आतून ठेवून ठोका. फाळक्याची कडी सगळ्यात शेवटी जुळवा.

मडगार्ड मात्र सोडवूनच करा. बोल्ट गंजलेले असणार, आदल्या रात्री डिझेल आणि ऑइल एकत्र करून सोडा, नाहीतर मोडतील. फारच गेलं असेल तर जुनं शोधा. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये महापालिकेने उठवला होता, त्याच्या भरवशावर राहू नका, नाशकातल्याच द्वारका चौकाकडच्या गॅरेजवाल्यांकडे चौकशी करा.

गोदाकाठ
डेंटर कसा ओळखायचा तेही कुणीतरी सांगा. माझ्या गाडीला एकाने इतकी लांबी भरली होती की दुसऱ्या पावसाळ्यात पोळीसारखा पापुद्रा निघाला.

सातपूरकर
त्याच्याकडे डॉल्या किती आणि त्या घासलेल्या आहेत का बघा. लांबीचा डबा पुढे आणि हत्यारं मागे असतील तर परत फिरा. काम झाल्यावर फ्रिजवरचं लोहचुंबक कागदात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबीच लांबी. दोन-तीन मिमीपर्यंत चालते, त्याच्यावर नाही. लांबी पाणी पिते, म्हणून प्रायमर न मारता गाडी पावसात किंवा दवात ठेवू नका. निफाडच्या थंडीत ती वाळायलाही वेळ लागतो, दुपारच्या उन्हात भरा. घाईने हार्डनर जास्त टाकू नका.

क्रेटवाला
रंग तोच ठेवा हं. बदललात तर आरसी बुकात नोंद करावी लागते.

निफाडकर_०९
मंडळी, अपडेट. खांब वाचला. हौद्याचा पोचा मी आणि धाकट्या भावाने रविवारी काढला, जॅक आडवा चालला. पन्हाळी एके ठिकाणी जरा वाकडी आहे, पण फाळका लागतो, तार सोडली. मडगार्डचे सातपैकी दोन बोल्ट मोडलेच. दरवाजा द्वारकेजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे दिलाय. त्यांनी घडीवर हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कुणी हाणलं?"

६ हजार सांगितलेत, शनिवारी मिळेल. चुंबक खिशात घेऊन जाणार आहे.