जुनं विकताना भाव नेमका कुठं तुटतो? सांगली-मिरजकरांनो, अनुभव लिहा

विश्रामबाग_तिसरा_मजला:
जुन्या वस्तूची जाहिरात टाकली की पहिला मेसेज काय येणार ते सगळ्यांना पाठ आहे. "लास्ट किती?" वस्तू चालू आहे का, किती जुनी, बघायला कधी येऊ, काही नाही. फोटोसुद्धा नीट बघितलेला नसतो.

घर बदलतेय, त्यामुळं बरंच काढायचंय. त्यातला फ्रीज गेला. साडेसात हजार सांगितले होते, सहाला दिला. आता गंमत अशी की फ्रीजबद्दल आम्ही फारसं बोललोच नाही. सगळी घासाघीस जिन्यावर झाली. लिफ्ट नाही म्हटल्यावर घेणाऱ्यांनी हमाली धरली, छोट्या हत्तीचं (टेम्पोचं) भाडं धरलं, आणि वर "गॅस भरायला लागला तर?" म्हणून आणखी पाचशे. हा शेवटचा मुद्दा मात्र चालला नाही, कारण आदल्या दिवसापासून फ्रीज चालू ठेवून बर्फ जमवला होता. ट्रे काढून हातात दिला. बंद करून पुसून ठेवलेल्या फ्रीजवर कुणीही काहीही बोलतं.

तर विकणाऱ्याच्या बाजूचे अनुभव लिहा. किती मिळाले यापेक्षा भाव कुठं तुटला आणि कुठं टिकला ते सांगा. कुणाची नावं, नंबर टाकू नका.

गावभागचा_पोरगा:
आमच्याकडं, सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात, भाव पत्त्यावर तुटतो. स्कूटर विकायला काढली, लोकेशन गावभाग दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पुराची आहे का?"
एक जण म्हणाला, "२०१९ ला पाण्यात होती का?"
म्हटलं, "अहो, गाडीच २०२० ची आहे."
"मग २०२१ ला?"
२०२१ ला पाणी वाढायला लागलं तशी गाडी कुपवाडला आत्याकडं नेऊन लावली होती. पण हे तोंडी सांगून कोण ऐकतंय? तो माणूस टॉर्च घेऊनच आला होता. सीट उचलून खालचे नटबोल्ट बघितले, हेडलाइटच्या काचेत आतून मातीची रेघ आहे का बघितलं, वायरिंगचे सॉकेट सोडवून गंज शोधला, सीटचा फोम दाबून वास घेतला. काही मिळालं नाही. तरी म्हणाला, "गावभागची म्हणून दोन हजार कमी करा."
त्याचंही अगदीच चूक नाही. पूर ओसरल्यावर गाड्या धुऊन, पॉलिश मारून विकणारे होतेच. पण ज्यांनी वेळेत गाडी हलवली त्यांनी हा दंड का भरायचा? मी सर्व्हिसिंगची सगळी बिलं तारखेनं लावून समोर ठेवली. दोनाचे पाचशे झाले. पाचशे सोडले, कारण माणूस एवढं बघून घेतोय म्हणजे नंतर फोन करून त्रास देणार नाही, असा माझा हिशोब.

रूम_नंबर_नऊ:
विलिंग्डन-वालचंद कॉलेजच्या बाजूला राहणाऱ्या पोरांसाठी एकच. कॉट, गादी, कूलर, टेबल मे महिन्यात विकू नका. शेवटच्या वर्षाची सगळी पोरं एकाच आठवड्यात विकायला काढतात आणि रूममालक चावीसाठी मागं लागलेला असतो. घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो "उद्या सांगतो" म्हणून गायब होतो आणि तुम्ही गाडीत बसायच्या दिवशी निम्म्यात मागतो. ज्युनिअरच्या रूमवर सामान ठेवून जा. नव्या ॲडमिशनची पोरं आली की कूलर सोडून बाकी सगळं बऱ्या भावानं जातं. कूलर पुढच्या मार्चपर्यंत विसरा.

द्राक्षबाग_तासगाव:
वर रूमवाल्या भावानं लिहिलंय ते बरोबर आहे, आमच्यातबी तसंच. ट्रॅक्टरला जोडायचा, फवारणीचा सहाशे लिटरचा ब्लोअर विकायचा होता. माल उतरला, बेदाणा शेडवर गेला, की मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज भरायची घाई असते. त्यावेळी निम्मा तालुका काही ना काही विकाय काढतोय. ब्लोअर, रोटर, जुना ट्रेलर, सगळं. आणि घेणाऱ्याला तवा फवारणीचं कामच नसतंय. म्हणून पडून मागतात.
मी थांबलो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, गणपती झाल्या झाल्या जाहिरात टाकली. छाटणी झाली की डाऊनी रोगाच्या भीतीनं फवारण्या सुरू होतात, पाऊस असला तर एक दिवस सोडून एक. ज्याचा ब्लोअर ऐनवेळी बिघडलाय तो घासाघीस करत बसत नाही. तो विचारतोय, "पंपाचा डायाफ्राम कधी बदललाय? नोझल किती चालू हायत?" टाकीत पाणी भरून, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद देणारा दांडा) जोडून, चालवून दाखवला. मार्चमध्ये जो मला पंचेचाळीस हजार म्हणाला होता, त्याच्याच गावच्यानं साठ दिले. हां, मधले सहा महिने सोसायटीचं व्याज मी भरलं, ते कुणी सांगत नाही. ते वजा केलं तरी परवडलं. ज्याला थांबता येत नाही त्याला हे सांगून उपयोग नाही, तेबी खरं.

कोथिंबीर_वडी:
मला उलटा अनुभव. सोफा टाकला होता, बारा हजार. सगळे आठ-नऊवर अडलेले, आणि एका "साहेबांनी" एका मेसेजमध्ये बारा मान्य केले. सोफा बघायचाही नाही. म्हणे सैन्यात आहे, बदली झालीय, माणूस पाठवून उचलतो, ॲडव्हान्स आत्ताच टाकतो. ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवला. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "न बघता, न भाव करता सोफा घेणारा कुठला गं हा?" तेवढ्यात क्यूआर कोड आला आणि वर सूचना: हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील.
पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो पैसे देताना. ब्लॉक केलं. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी लगेच १९३० ला फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसानं दुसऱ्याकडं पैशाची मागणी पाठवायची सोय बंद केलीय, पण क्यूआर दाखवून फसवणारे अजून आहेत.
तेव्हापासून भाव पाडून मागणारा आला की मला बरं वाटतं. निदान त्याला सोफा हवाय!

विश्रामबाग_तिसरा_मजला:
सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्याकडं कपाटाला असाच एक "पूर्ण किंमत देतो"वाला आलाय, त्याला आता उत्तरच देत नाही.

जवारी:
मिरजेतून लिहितोय. आजीचा जनानी (बायकांच्या आवाजाचा) तानपुरा विकायचा होता. घरात आता कुणी गात नाही. फोटो टाकले तर पुण्याहून, हुबळीहून मेसेज. सगळ्यांचा सूर एकच, चाळीस वर्षं जुना म्हणजे निम्म्याहून कमी. फ्रीज-टीव्हीचं गणित लोक वाद्याला लावतात. मुरलेलं लाकूड आणि न तडकलेला भोपळा असेल तर जुन्या वाद्याला जाणकार नाकं मुरडत नाहीत, पण हे टाइप करून पटत नाही.
एकानं तर कहर केला: "२०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून भाव वाढवला का?" अहो, तानपुरा ऐंशीच्या दशकातला, मानांकनाचा आणि त्याचा काय संबंध!
शेवटी सतारमेकर गल्लीत नेला. तारा बदलल्या, घोडीची जवारी काढून घेतली (तारा टेकतात ती पट्टी घासून आवाज खुलवला), एक खुंटी सैल होती ती बसवली. मग फोटोऐवजी आवाज पाठवायला लागलो. पंचमात लावून, खोलीचा पंखा बंद करून, अर्धा मिनिट. ज्यांना फक्त स्वस्तात हवा होता ते गप्प झाले. धारवाडच्या एक शिक्षिका मात्र थेट घरी आल्या, मांडी घालून बसल्या आणि बराच वेळ छेडतच राहिल्या. मग भोपळ्यावर बोटाची टिचकी मारत सगळीकडून तपासला. त्यांनी दोन हजार कमी करा म्हटलं, मी एक केले. आजीची जुनी खोळ वर दिली. ती काही विकायची नव्हती.

खिलार_आटपाडी:
आमचे वडील खरसुंडीच्या जत्रेत बैलांचा सौदा करायचे. दोघांचे हात उपरण्याखाली, बोटांनी आकडा सांगायचा. आजूबाजूला शंभर माणसं उभी, पण भाव दोघांनाच कळायचा. चॅटवरचा सौदा मला तसाच वाटतो, आणि तो तसाच ठेवावा. मी एकदा म्हैस गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. आमच्या भावकीतल्या एकानं सगळ्यांदेखत लिहिलं, "एवढ्याला कोण घेतंय, ऐंशीला दिली तरी लई झालं." त्याला म्हैस घ्यायचीच नव्हती. पण त्यानंतर येईल तो ऐंशीपासूनच सुरू. उघड्यावर पडलेला आकडा मागं घेता येत नाही. जाहिरातीत किंमत लिहा, पण खाली कमेंट बंद ठेवा, आणि बोलायचं ते फोनवर.

एमएच_दहा:
गाडी विकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. कागद झाले नाहीत तर मिळालेला भाव खरा नाही. माझी बाईक घ्यायला कोल्हापूरचा एक जण आला. तीस सांगितले होते, तो म्हणाला, "एकतीस देतो, पण नावावर पुढच्या महिन्यात करू." स्वतःहून हजार वाढवून देणारा गिऱ्हाईक! असे लोक बहुतेक वेळा गाडी पुढं तिसऱ्यालाच विकतात आणि आरसीवर नाव आपलंच राहतं. मग चलन आपल्याला, अपघात झाला तर नोटीस आपल्याला.
मी म्हटलं, अठ्ठावीस द्या, पण मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही आजच, आणि आरटीओची फी तुमची. विकल्याची माहिती चौदा दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी आपली असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ करून बोजा उतरवून घ्या, नाहीतर ऐन सौद्यात घेणारा त्याचेच तीन हजार कापतो.
तो नाही म्हणून गेला. मग कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एकानं साडेअठ्ठावीसला घेतली. आधार, पॅन, फोटो सगळं बरोबर घेऊनच आला होता. इन्शुरन्स त्याच्या नावावर करायचा अर्जही त्याच दिवशी भरला.