दंड ड्यूटीवर नाही, मालाच्या किमतीवर
बुडवलेली ड्यूटी, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालावरचा सरकारी कर (सीमाशुल्क), व्याजासकट भरली की प्रकरण मिटतं, असं काही जण म्हणतात. ते पटलं नाही. भारतीय सीमाशुल्क कायदा, १९६२ चं कलम ११४एए बघा. जाणूनबुजून खोटा कागद तयार केला, त्यावर सही केली किंवा नुसता वापरला, तरी मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ड्यूटीच्या नव्हे, किमतीच्या! १० लाखांच्या मालावर ५० लाखांपर्यंत. वर कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, ती वेगळीच.

आणि दुसऱ्याकडून करवून घेणंही त्याच ११४एए मध्ये बसतं. मालक म्हणतो इनव्हॉइसवरचा आकडा बदल, कारकून मुकाट्याने बदलतो. बँकेतून गेलेल्या रकमेशी तो जुळला नाही की दोघंही अडकू शकतात. त्या कारकुनाला हे कुणी सांगितलेलंच नसतं, याचा फार राग येतो.