मदत हवी आहे: पुण्याच्या पाण्याने केस पांढरे होताहेत, फिल्टर कुठला घ्यावा?

त्रस्त_वाघोलीकर: मागच्या वर्षी लातूरहून वाघोलीला आलो. सोसायटीत टँकरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो. आता केस पांढरे व्हायला लागलेत. घरी लग्नाचं बघताहेत, त्यामुळे घाई आहे. शॉवरला फिल्टर बसवला तर थांबेल का? "टेन्शन घेऊ नकोस" एवढंच सांगणार असाल तर कृपया लिहू नका.

खवट_पेठकर: वाघोली पुण्यात कधीपासून?

चहाबाज: २०२१ पासून महापालिकेत आहे की! नळाला पाणी नाही ते सोडा.

मंदाकाकू: अरे बाळा, माका, आवळा आणि जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात उकळ, रात्री लाव. आमच्या सासूबाईंचे केस साठीतही काळेभोर होते.

जीवशास्त्रवाली: काकू, ते सासूबाईंच्या आईवडिलांकडून आलेलं असणार, तेलातून नाही. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो. रंग भरतात त्या मेलॅनोसाइट पेशी मुळाशी, कातडीच्या आत. तिथलं काम थांबलं की पुढचा केस पांढराच उगवतो. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, शांपूला फेस येत नाही. पांढरे होत नाहीत. धागाकर्ते, वय काय तुमचं? आणि किती पांढरे, कुठे?

मंदाकाकू: शिकलेल्या मुलींना तेलाचं वावडंच.

बी१२_पीडित: पाणी सोडा, बी-१२ तपासा! शाकाहारी आहात ना? माझं फारच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, आता बरं आहे. सोबत थायरॉइडही बघून घ्या.

चहाबाज: केस काळे झाले का पण?

बी१२_पीडित: हातापायाच्या मुंग्या गेल्या.

रात्रपाळी: ताणाने होतात हो. हार्वर्डवाल्यांनी २०२० मध्ये उंदरांवर दाखवलंय. ताणात नसांमधून नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं आणि रंगाच्या मूळपेशींचा साठा संपून जातो.

खवट_पेठकर: उंदरांवर.

रात्रपाळी: वाघोलीहून रोज हिंजवडीला जाणाऱ्याची गत वेगळी नसते.

त्रस्त_वाघोलीकर: मी घरूनच काम करतो. वय २६. सगळे पांढरे नाहीत हो, डाव्या कानामागे एकाच जागी, पाच रुपयांच्या नाण्याएवढे. मेमध्ये तिथले केस गोल गळले होते, त्याच जागी आता हे आलेत. फिल्टरचं सांगा ना कोणीतरी.

जीवशास्त्रवाली: मग हे सगळंच वेगळं आहे! चाई पडली होती तुम्हाला. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, आणि पुन्हा उगवणारे केस पुष्कळदा आधी पांढरे येतात. अनेकांचे पुढे आपोआप काळे होतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खालची कातडीही पांढरी दिसतेय का ते आरशात बघा. तसं असेल तर कोडाचीही शंका घेतात.

मंदाकाकू: चाईवर कांद्याचा रस चोळावा.

जीवशास्त्रवाली: कानामागची कातडी नाजूक असते काकू, आग होऊन पुरळ उठेल.

गुपचूप_वाचक: मी काळी मेंदी लावतो. छान रंग येतो.

जीवशास्त्रवाली: त्यात बहुतेक वेळा पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, काहींना भयंकर अॅलर्जी होते. आणि तुम्हाला कोणी विचारलं होतं?

त्रस्त_वाघोलीकर: ठीक, सोमवारी डॉक्टरकडे जातो. म्हणजे फिल्टर घेऊ की नको?

चहाबाज: माझ्याकडे वापरलेला आहे, निम्म्या किमतीत देतो. खराडीहून न्यावा लागेल.