जुना लष्करी चामडी पट्टा – ओळखायचा कसा, टिकवायचा कसा?

पणजोबांच्या ट्रंकेत रुंद चामडी पट्टा सापडलाय, खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टाही आहे, आतून बाणासारखा शिक्का, हात लावला की लालसर भुकटी बोटांना लागते आणि पितळी रिव्हेटभोवती हिरवं मेणासारखं काहीतरी जमलंय. तेल लावू का?

↪ तेल अजिबात नको!! वर्णनावरून सॅम ब्राऊन बेल्ट वाटतोय, १८५८ मध्ये डावा हात गमावलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाचा. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसतायत का बघ, तसं असेल तर तो नंतर लष्करी सेवेतून काढून विकलेला.

↪ भुकटी म्हणजे रेड रॉट, म्हणजे जुनं चामडं कुजून त्याची लाल पूड होणं, चामडं परत पहिल्यासारखं होत नाही, फक्त क्लूसेल जी (सेल्युलोजपासूनची, चामडं धरून ठेवणारी पावडर) अल्कोहोलमध्ये विरघळवून लावलं की भुकटी धरून राहते, आधी कोपऱ्यात ट्राय कर. पाणी लागलं तर काळं पडून कडक होतं. हिरवं बांबूच्या काडीने हळूच खरवड, ते चामड्यातल्या चरबीमुळेच येतं.

↪ मी हौसेने तेल चोपडलं होतं, पट्टा काळा, चिकट, वर धूळ बसलेली. आता घडी न घालता ॲसिड-फ्री कागदात ठेवतो, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. प्लास्टिकची पिशवी नको हां.