एका ट्रॅकवर वाट आखू नका

पुण्यातली मुठेकाठची पायवाट ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर) टाकायला फोनचा एकच ट्रॅक, म्हणजे चालताना जीपीएसने नोंदलेली रेघ, पुरे का, असं एकाने विचारलंय. मोकळ्यावर चालून जाईल, पण दाट झाडीखाली रेघ खुशाल पाण्यात उतरते. दोन-तीन जणांचे ट्रॅक एकमेकांवर ठेवून मधून ओढा. सायकलवाल्यांसाठी 'एमटीबी स्केल', म्हणजे माउंटन बाइकला वाट किती अवघड याचा आकडा, भराच. तो 0 ते 6 असतो, 0 म्हणजे सरळसोट मातीची वाट. (बाभळीचे काटे त्यात धरत नाहीत, पंक्चरचं सामान जवळ ठेवा!) खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूलसुद्धा पाण्याखाली जातो, मग पात्रालगतच्या वाटेचं काय घेऊन बसलात? तेवढ्या तुकड्याला पूरप्रवण असा टॅग लावा. आणि गूगलचा नकाशा बघून रेघा मारू नका, परवान्यात बसत नाही ते.