लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होतोय: कम्युटेशन किती घ्यावं आणि महिन्याचा खर्च कसा बसवावा? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

24 वर्षांची नोकरी पूर्ण करून मार्चअखेर घरी येतोय. वय 44. बायको आणि दोन्ही मुलं कामठीला क्वार्टरमध्ये राहतात, आई काटोलजवळ गावी असते. पेन्शनचे कागद भरणं सुरू झालंय आणि मी एकाच रकान्यावर अडलोय: कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं, किती टक्के?

मूळ पेन्शन 26,400 च्या आसपास बसेल. आम्हाला अर्ध्यापर्यंत विकता येते. पूर्ण अर्धी विकली, तर माझ्या वयाला गुणक साधारण नऊचा धरून (विकलेल्या भागाच्या वर्षाच्या रकमेची नऊपट) सव्वाचौदा लाख एकरकमी मिळतात. त्याबदल्यात 15 वर्षं दरमहा 13,200 कापले जाणार. महागाई भत्ता मात्र पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहतो. म्हणजे काहीच विकलं नाही तर आजच्या भत्त्यासह हातात चाळीस-एक्केचाळीस हजार येतात. अर्धी विकली तर सत्तावीस-अठ्ठावीस.

युनिटमध्ये ज्याला विचारावं तो म्हणतो, पूर्ण पन्नास टक्के घे, सगळे घेतात. मेहुणा रोज बेसाकडच्या प्लॉटचे फोटो पाठवतोय.

बायकोने महिनाभर वहीत खर्च लिहिला. दूध, गॅस, मुलीची ट्यूशन, स्कूटीचं पेट्रोल, आईच्या बीपीच्या गोळ्या. एका ठिकाणी फक्त ‘बाबा सुट्टीवर’ असं लिहून पुढे सहा हजार मांडलेत. मी आठ-दहा दिवस घरी असलो तर एवढा खर्च वाढतो, आणि आता तर कायमचा घरी येतोय. शिवाय वहीत जे नाही त्याचीच मला जास्त काळजी आहे. क्वार्टरला बाजारभावाचं भाडं लागत नाही, माझं जेवण युनिटच्या लंगरमध्ये, ताप आला की एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना. हे सगळं एका तारखेला बंद होणार. झिंगाबाई टाकळीकडे दोन बेडरूमला दहा हजारांच्या आसपास भाडं सांगतात. त्यात नागपूरचा मे महिना, दोन कूलर रात्रंदिवस चालणार. सगळं धरून मी 41 हजारांपर्यंत पोचलो. दुसरी नोकरी शोधणार आहेच, पण न मिळालेला पगार आत्तापासून हिशोबात धरायचा नाही असं ठरवलंय.

ज्यांनी हे पहिलं वर्ष काढलंय त्यांनी कृपया सांगा, कम्युटेशनचा निर्णय कशावर घेतला? ग्रॅच्युइटी, फंड आणि रजेच्या पैशांपैकी किती रक्कम हाताशी ठेवली?

प्रतिसाद १

भाऊ, कम्युटेशन म्हणजे स्वतःच्याच पेन्शनवर घेतलेलं कर्ज समजा. सव्वाचौदा लाख घेऊन 15 वर्षांत पावणेचोवीस लाख फेडता. व्याज काढलं तर साडेसात टक्क्यांच्या आसपास पडतं. रक्कम करमुक्त असते. आणि उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर ती कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही, हा मोठा फायदा आहे. तेव्हा घर बांधणारच असाल आणि नाहीतर बँकेचं महाग कर्ज काढावं लागणार असेल, तर जरूर घ्या. पण नुसतं एफडीत टाकायला घेत असाल तर हाती काही लागत नाही. अर्धीच विकली पाहिजे असंही नाही, कमी टक्के लिहिता येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्त सैनिकाला पन्नाशीपासून प्रवेश आहे, म्हणजे तुम्हाला अजून थांबावं लागेल. तोवर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना बघा, जोडीने 15 लाखांपर्यंत ठेवता येतात.

सहा महिन्यांचा खर्च मात्र बचत खात्यात वेगळा ठेवाच. सगळे पैसे एकाच दिवशी येत नाहीत. स्पर्शवर (सैन्याच्या पेन्शनचं पोर्टल) नाव, जन्मतारीख, बँक खातं आत्ताच तपासून घ्या. बायकोच्या नावाचं एक अक्षर चुकलं तरी पुढे तिलाच त्रास होतो.

प्रतिसाद २

दादा, माझे मिस्टर याच रँकवरून आले, म्हणून लिहिते. वहिनींना सांगा, जानेवारीपासूनच पेन्शनएवढ्या पैशांत घर चालवून बघा आणि भाड्याचे दहा हजार दर महिन्याला खरोखर बाजूला टाका. कुठे कमी पडतंय ते तेव्हाच कळतं. आम्हाला किराण्यापेक्षा लग्नकार्य आणि पाहुणे जड गेले. फौजी आता कायमचा घरी आलाय म्हटल्यावर प्रत्येक घरातून बोलावणं येतं. त्यासाठी वेगळी रक्कम धरा. ईसीएचएसचे (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हवालदारापर्यंत 30,000 एकदाच भरायचे असतात, तेही धरा. कॅन्टीन सुटत नाही, कार्ड नवीन करून घ्या. मुलगी बारावीत असेल आणि पुढे इंजिनिअरिंगसारखा कोर्स घेणार असेल, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलींना महिना 3,000 मिळतात, बारावीला 60 टक्के लागतात. अर्ज पहिल्या वर्षालाच केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर भरतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला विसरू नका.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कर्जाच्या नजरेने मी बघितलंच नव्हतं. रात्री बायकोशी फोनवर बोललो. घराचं नक्की होईपर्यंत भाड्यानेच राहायचं, असं दोघांचंही मत पडलं. त्यामुळे आता प्रश्न प्लॉटवरच आलाय. बेसाचा प्लॉट एनए-टीपी (बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी असलेला) आहे असं मेहुणा सांगतो, कागद अजून कोणी दाखवलेले नाहीत. आरएल (रिलीज लेटर) आणि सातबारा बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, हे त्याला आजच कळवलं. नागपुरात असे कागद तपासून देणारा भरवशाचा वकील सुमारे किती फी घेतो, आणि लेआउटच्या मंजुरीची खात्री एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ऑफिसमध्ये स्वतः जाऊन करता येते का? फेब्रुवारीत सुट्टीवर येतोय, तेव्हाच हे काम उरकायचंय. त्यानंतरच तो रकाना भरीन.